येतो म्हणून निघालेली माणसे

अंतराळयानाचे उड्डाण पाहायला सगळेच थांबतात. उलटी गणती, ज्वाळांचा लोट आणि ढगांत शिरत जाणारा तो तेजस्वी ठिपका यांत एक सोहळा असतो, आणि सोहळ्याला प्रेक्षक कधी कमी पडत नाहीत. यान परत येते त्याचे थेट प्रसारण मात्र फारसे कोणी पाहत नाही. ते बहुधा अवेळी असते, पडद्यावर बराच वेळ नुसते रिकामे आकाश दिसते आणि निवेदकालाही बोलायला विशेष काही नसते. मला गेली काही वर्षे नेमके हेच पाहण्याची सवय जडली आहे. कझाकस्तानच्या गवताळ मैदानावर एक पांढरे-नारिंगी पॅराशूट दिसू लागते, त्याखाली जळून काळी पडलेली कुपी लोंबकळत असते, जमिनीपासून मीटरभर उंचीवर तिच्या तळाची छोटी रॉकेटे क्षणभर पेटतात, धुळीचा लोळ उठतो आणि माणसे धावत सुटतात. थोड्या वेळाने कुपीच्या तोंडातून एकेकाला उचलून बाहेर काढले जाते, खुर्चीत बसवले जाते, अंगावर पांघरूण घातले जाते. सहा महिने तरंगत वावरलेला तो माणूस आता स्वतःच्याच मानेचा भार सावरण्याच्या खटपटीत असतो. त्याच्या चेहऱ्यावर मला विजय क्वचितच दिसला आहे. लांबच्या प्रवासाने शिणून उंबरठ्यावर टेकलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा तो असतो.

या सवयीमुळे माझी एक समजूत हळूहळू पक्की होत गेली. माणसाच्या अंतराळप्रवासाची गोष्ट आपण 'पहिला', 'सर्वांत दूर', 'सर्वांत उंच' अशा विशेषणांनी सांगतो, म्हणजे ती जाण्याची गोष्ट म्हणून सांगतो. तीच गोष्ट परत येण्याची म्हणून वाचली, तर गेल्या साठ-पासष्ट वर्षांत नेमकी प्रगती कुठे झाली आणि पुढची वाट कुठे अडली आहे, हे अधिक स्वच्छ दिसते.

२५ मे १९६१ रोजी जॉन केनेडी यांनी अमेरिकी काँग्रेससमोर चंद्राचा संकल्प सोडला, तेव्हा अमेरिकेच्या गाठीशी अ‍ॅलन शेपर्ड यांची पंधरा मिनिटांची एकच झेप होती, आणि तीही कक्षेत न शिरता समुद्रात उतरलेली. दशक संपण्याच्या आत माणसाला चंद्रावर उतरवायचे आणि त्याला पृथ्वीवर सुखरूप परत आणायचे, असा तो संकल्प होता. त्यातला पूर्वार्ध जगाच्या लक्षात राहिला. अभियंत्यांची झोप उडवली ती उत्तरार्धाने. निघणाऱ्याने 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणावे, हे ज्या भाषेला मुळातून ठाऊक आहे, त्या भाषेत वाढलेल्या वाचकाला या वाक्यातले वजन कुठल्या बाजूला आहे ते वेगळे सांगायला नको.

हे वजन शब्दशः वजन आहे. कालुगा गावात शाळामास्तर असलेले, लहानपणापासून कानांनी अधू असलेले कॉन्स्टँटिन त्सिओलकोव्स्की यांनी १९०३ मध्ये रॉकेटच्या गतीचे समीकरण प्रसिद्ध केले. त्याचा व्यवहारातला अर्थ क्रूर आहे. पुढे लागणारे इंधन आत्ता वाहून न्यायचे असेल, तर ते वाहून नेण्यासाठी आत्ताच आणखी इंधन लागते, आणि त्या आणखी इंधनासाठी त्याहून आणखी. त्यामुळे परतीसाठी राखलेला प्रत्येक किलो निघतानाच्या वजनात कित्येक पटींनी उगवतो. चंद्रावर माणसे नेणारे सॅटर्न-५ हे रॉकेट ११० मीटर उंच आणि सुमारे २,९०० टन वजनाचे होते, आणि त्यातून पृथ्वीवर परत आला तो साडेपाच टनांच्या आसपासचा एक शंकू. बाकी सगळे वाटेत टाकून द्यावे लागले. जॉन हुबोल्ट या अभियंत्याने वरिष्ठांचा रोष पत्करून जी युक्ती लावून धरली, तीही परतीचीच होती. घरी जाण्याचे इंधन आणि उष्णतारोधक कवच चंद्राच्या पृष्ठभागावर उतरवायचे आणि पुन्हा वर उचलायचे कशासाठी? ते चंद्राभोवतीच्या कक्षेत ठेवावे, हलक्या होडीने खाली उतरावे आणि काम उरकून मोठ्या यानाला येऊन मिळावे. १९६२ मध्ये नासाने हा मार्ग स्वीकारला. चंद्र दशकाच्या आत आवाक्यात आला, त्याचे मोठे श्रेय या हिशेबाला आहे.

केनेडींच्या भाषणाच्या जेमतेम दीड महिना आधी, १२ एप्रिल १९६१ रोजी, युरी गागारिन पृथ्वीभोवती एक फेरी मारून आले होते. ही १०८ मिनिटे सर्वांना माहीत असतात. त्यातल्या शेवटच्या काही मिनिटांविषयी कमी बोलले जाते. त्यांच्या व्होस्तोक यानाचे वेग कमी करणारे इंजिन एकच होते आणि ते पेटलेच नाही तर कक्षा आपोआप खालावून यान खाली येईपर्यंत तग धरता यावा, म्हणून आत दहा दिवसांचे अन्न भरलेले होते. इंजिन पेटले, पण त्यानंतर यानाचा मागचा भाग पूर्ण सुटला नाही. तारांचा एक जुडगा तुटेना आणि दोन्ही भाग एकमेकांना धरून गरगरत वातावरणात शिरले. अखेर उष्णतेने त्या तारा जळाल्या आणि गागारिन यांची गोलाकार कुपी मोकळी झाली. सुमारे सात किलोमीटर उंचीवर ते आसनासह बाहेर फेकले गेले आणि वेगळ्या पॅराशूटने उतरले, कारण कुपीचा आघात माणसाला सोसवणारा नव्हता. विक्रम नोंदवण्याच्या तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे वैमानिकाने यानासह उतरणे आवश्यक होते, म्हणून सोव्हिएत अधिकाऱ्यांनी ही गोष्ट कित्येक वर्षे लपवून ठेवली. मला हा नियम अतिशय सूचक वाटतो. उंच जाणे पुरेसे नव्हते. ज्यात बसून गेलात, त्यात बसून परत या, असे तो सांगत होता, आणि पहिली फेरी त्या कसोटीला पूर्णपणे उतरली नव्हती.

चार वर्षांनी, १८ मार्च १९६५ रोजी, अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर तरंगणारे पहिले मानव ठरले. बाहेर जाणे सोपे गेले. बारा मिनिटांनी परत आत शिरताना मात्र पोकळीत फुगून ताठरलेला पोशाख दाराच्या नळीत मावेना, आणि त्यांना त्यातली हवा थोडी थोडी सोडून देऊन, जिवावरचा धोका पत्करून, आत घुसावे लागले. परतीचे अंतर अवघे काही मीटर होते. दुसऱ्या दिवशी यानही ठरल्या जागी उतरले नाही आणि दोघा अंतराळवीरांनी उरल पर्वताच्या बाजूच्या बर्फाळ जंगलात दोन रात्री काढल्या.

चंद्राच्या बाबतीत तर सारी भिस्त एका इंजिनावर होती. अपोलोच्या चांद्रयानाला वर उचलणाऱ्या इंजिनाला दुसरा पर्याय नव्हता. त्याचे इंधन इतके दाहक होते की जे इंजिन चंद्रावर वापरायचे, तेच आधी पेटवून पाहणेही शक्य नव्हते. म्हणून त्याची रचना होता होईल तो साधी ठेवली होती. दोन द्रव्ये एकत्र आली की आपोआप पेट घेत, ठिणगीची गरज नसे. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर असताना कोणाच्या तरी पोशाखाचा धक्का लागून नेमकी या इंजिनाच्या विद्युतमंडलातली कळ तुटली होती, आणि ऑल्ड्रिन यांनी ती एका फेल्ट पेनच्या टोकाने आत दाबली. व्हाइट हाउसमध्ये ते दोघे परत न आल्यास राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वाचायचे भाषण लिहून तयार होते. वर कक्षेत एकटे फिरत असलेले मायकेल कॉलिन्स यांनी पुढे लिहिले की, त्या दोघांना तिथेच सोडून आपल्याला एकट्याने पृथ्वीवर परतावे लागेल, ही त्यांची कित्येक महिन्यांची मनात दडवलेली भीती होती. चंद्रावर पाऊल ठेवण्याचे छायाचित्र जगभर लागले. माझ्या मनात मात्र ते पेन राहिले आहे.

अंतराळ-उड्डाणांतल्या चार मोठ्या दुर्घटना एकत्र मांडल्या, तर परतीची बाजू किती जड आहे ते कळते. एप्रिल १९६७ मध्ये सोयूझ-१ या सोव्हिएत यानाचे मुख्य पॅराशूट उघडले नाही, राखीव गुंतले आणि व्लादिमिर कोमारोव्ह यांचा अंत झाला. जून १९७१ मध्ये सॅल्यूत या पहिल्या अवकाशस्थानकावर तीन आठवड्यांहून अधिक राहिलेले डोब्रोवोल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह परत निघाले. यानाचे भाग सुटे होताना हवेचा दाब समान करणारी एक झडप १६८ किलोमीटर उंचीवर अवेळी उघडली आणि दोन मिनिटांच्या आत कुपीतली हवा निघून गेली. तिघांनी दाबाचे पोशाख घातले नव्हते, कारण त्या कुपीत तिघांना पोशाखासह बसायला जागाच नव्हती. यान स्वयंचलित यंत्रणेने अगदी ठरल्याप्रमाणे, अलगद उतरले. दार उघडणाऱ्यांना आत तिघे आसनांवर निष्प्राण आढळले. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर वर जाताना ७३ सेकंदांत नष्ट झाले, आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया घरापासून सोळा मिनिटांच्या अंतरावर विखुरले. त्याच्या डाव्या पंखाला उड्डाणाच्याच दिवशी फोमचा तुकडा लागून भोक पडले होते. कल्पना चावला याच यानात होत्या. या चार दुर्घटनांत १८ जण गेले, आणि त्यांतले ११ परतीच्या वाटेवर.

याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. पृथ्वीभोवती फिरणारे यान सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने जात असते. खाली येण्यासाठी सोयूझ आपले इंजिन साडेचार मिनिटांच्या आसपास उलट्या दिशेने चालवते आणि त्याने वेग कमी होतो तो सेकंदाला जेमतेम सव्वाशे मीटर, म्हणजे शंभरात दीड-पावणेदोन. उरलेला सगळा वेग हवेला गिळायचा असतो, आणि तो ती उष्णतेच्या रूपाने गिळते. वर जाताना ज्या ऊर्जेसाठी शेकडो टन इंधन जाळले, ती सारी परतताना एका पातळ कवचावर वसूल होते. चंद्राहून येणाऱ्याचा वेग सेकंदाला ११ किलोमीटरच्या घरात असतो. वेग दीडपटही नाही, पण ऊर्जा दुप्पट होते.

अपोलो-१७ चे अंतराळवीर डिसेंबर १९७२ मध्ये परतले आणि त्यानंतर अर्धे शतक एकही माणूस पृथ्वीच्या अंगणाबाहेर गेला नाही. या काळाला 'वाया गेलेली वर्षे' म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. अपोलोने जाऊन येणे शिकवले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांनी राहून येणे शिकवले, आणि ही विद्या अधिक कठीण आहे, कारण ती कंटाळवाणी आहे. २ नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर माणसांचा अखंड मुक्काम आहे. तेव्हापासून सगळी माणसे पृथ्वीवरच आहेत, असा एकही दिवस उजाडलेला नाही. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या या घरात घाम, श्वासातली वाफ आणि मूत्र यांपासून पिण्याचे पाणी करतात. २०२३ मध्ये ही वसुली ९८ टक्क्यांवर पोहोचली. पंप बिघडतात, शौचालय तुंबते, हातोहात दुरुस्त्या चालू राहतात. स्थानकाचे खरे वैज्ञानिक फलित कोणते, असे विचारले तर मी प्रयोगशाळेतल्या शोधांच्या आधी या दुरुस्त्यांकडे बोट दाखवीन.

तिथे हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. डोळ्यांच्या मागच्या भागावर द्रवाचा दाब येऊन काहींची नजर बदलते. अंतराळवीर स्कॉट केली यांनी २०१५-१६ मध्ये ३४० दिवस वर काढले, तेव्हा त्यांचे जुळे भाऊ मार्क पृथ्वीवर होते आणि दोघांच्या शरीरांची तुलना करता आली. अंतराळात झालेले बरेचसे बदल परतल्यावर निवळले. काही मात्र रेंगाळले. म्हणजे यान परत आले, तरी शरीराचे परतणे नंतर कित्येक महिने चालूच असते.

या स्थानकाचा एक अलिखित आधार आहे: ज्याच्यासाठी परतीच्या यानात आसन नाही, त्याने तिथे राहू नये. दारातच बांधून ठेवलेली ही होडी सुटली की साडेतीन तासांत माणूस जमिनीवर असतो. होडीलाच इजा झाली की काय होते, तेही आता पाहून झाले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोयूझच्या शीतकाची नळी फुटून द्रव अवकाशात फवारला गेला. त्या यानातून तिघांना आणणे धोक्याचे वाटल्याने दुसरे यान रिकामे पाठवले गेले, आणि सहा महिन्यांसाठी गेलेले फ्रँक रुबिओ ३७१ दिवसांनी परतले. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर साधारण आठ दिवसांच्या चाचणीसाठी गेले, त्यांच्या स्टारलायनर यानाच्या दिशानियंत्रक इंजिनांवर भरवसा उरला नाही, ते यान रिकामेच खाली आणले गेले आणि हे दोघे मार्च २०२५ मध्ये, २८६ दिवसांनी, दुसऱ्या यानातून आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये चिनी स्थानकावरच्या शेन्झोऊ-२० च्या खिडकीला तडा आढळला, तेव्हा तिथल्या तिघांनाही नंतर आलेल्या यानातून परतावे लागले आणि मागे राहिलेल्यांसाठी नवे यान पाठवावे लागले. या तिन्ही बातम्या 'अडकले' या शब्दाने रंगवल्या गेल्या. मला त्यांत उलट गोष्ट दिसली. होडी फुटली तर दुसरी पाठवता येते, आणि तोवर वर हवा, पाणी, अन्न आणि काम यांची तजवीज असते. पन्नास वर्षांपूर्वी हे शक्य नव्हते, आणि प्रगती म्हणतात ती मला इथे दिसते.

परत येणे म्हणजे कुठे परत येणे, हा प्रश्नही एकदा उभा राहिला होता. सेर्गेई क्रिकालेव्ह मे १९९१ मध्ये मीर स्थानकावर गेले तेव्हा सोव्हिएत संघराज्य अस्तित्वात होते. ३११ दिवसांनी, मार्च १९९२ मध्ये, ते उतरले तेव्हा तो देश उरला नव्हता, त्यांचे जन्मगाव लेनिनग्राद आता सेंट पीटर्सबर्ग झाले होते आणि ज्या जमिनीवर ते उतरले ती स्वतंत्र कझाकस्तानची होती. पृथ्वी मात्र तीच होती. (आणि क्रिकालेव्ह पुन्हा गेले. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या पहिल्या मुक्कामी तुकडीत ते होते.)

गेल्या दहा वर्षांत परतीची कला माणसांबरोबर यंत्रेही शिकली आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन-९ या रॉकेटचा पहिला टप्पा कक्षेकडे यान सोडून स्वतः उभा जमिनीवर उतरला; आज असे काही टप्पे ३० हून अधिक वेळा उडाले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टारशिपचा महाकाय टप्पा उड्डाणतळाच्या मनोऱ्याने आपल्या दोन यांत्रिक बाहूंत झेलला. त्सिओलकोव्स्कींचे समीकरण यामुळे बदलत नाही. पण प्रत्येक प्रवासाला गाडी नवी बांधायची आणि मोडीत काढायची, हा खर्चाचा सर्वांत मोठा वेडेपणा आता संपू लागला आहे. उद्योजकांच्या मंगळावरच्या शहरांविषयीच्या घोषणा मी फारशा मनावर घेत नाही. हे झेलणे मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

चंद्राकडे परत जाण्याच्या तयारीतही अडथळा आला तो शेवटच्या टप्प्यात. नोव्हेंबर २०२२ मध्ये नासाच्या आर्टेमिस-१ मोहिमेने ओरायन यान माणसांविना चंद्राभोवती पाठवले आणि ते पंचवीस दिवसांनी सुखरूप समुद्रात उतरले. पण कवच तपासताना शंभरहून अधिक ठिकाणी जळालेल्या थराचे कपचे अपेक्षेबाहेर उडालेले दिसले. कवचाच्या आत तयार झालेल्या वायूला वाट मिळाली नव्हती आणि त्याने भेगा पाडल्या होत्या, हे कारण शोधून काढून जाहीर करायला डिसेंबर २०२४ उजाडला. माणसांसह होणाऱ्या पुढच्या फेरीसाठी कवच तेच ठेवून वातावरणात शिरण्याचा मार्ग बदलायचे ठरले. ऊन-वारा-पाऊस नसलेल्या एका मृत गोलावर उतरण्यापेक्षा आपल्याच हवेत शिरणे इतके अवघड असावे, यात एक विचित्र न्याय आहे.

या खेपेचा चंद्र अपोलोच्या चंद्राहून वेगळा असणार, हे मात्र खरे. चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने २००९ मध्ये पाण्याच्या खुणा दाखवल्या आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या कायम सावलीतल्या विवरांमध्ये बर्फ असल्याचे पुरावे त्यानंतर वाढत गेले. चीनने २०३० पर्यंत आपली माणसे चंद्रावर उतरवण्याचे ठरवले आहे. पाणी म्हणजे पिणे आणि श्वास हे तर आहेच. पण पाण्याचे विघटन केले तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे इंधन, मिळते. परतीचे इंधन तिथेच भरता आले, तर सॅटर्न-५ च्या उंचीमागचा सगळा हिशेब नव्याने मांडता येईल. विवरांतला तो बर्फ किती आणि कसा आहे, यावर पुढच्या पन्नास वर्षांचा बराच आराखडा अवलंबून आहे, आणि म्हणूनच सगळ्यांचे डोळे त्या एका काळोख्या कोपऱ्याकडे लागले आहेत.

आता मंगळ. चंद्राहून घरी यायला तीन दिवस पुरतात. मंगळाची गोष्टच निराळी, कारण दोन्ही ग्रह सोयीच्या जागी येतात ते सुमारे २६ महिन्यांतून एकदा. जायला सहा ते नऊ महिने, तिथे वर्ष-दीड वर्ष वाट पाहणे आणि यायला तेवढेच महिने, असा हा अडीच-तीन वर्षांचा प्रवास आहे, ज्यात वाटेत काही बिनसले तरी मागे फिरता येत नाही. संदेशाला एका बाजूने तीन ते बावीस मिनिटे लागतात. म्हणजे 'अडचण आहे' असे सांगून उत्तर येईपर्यंत पाऊण तासही जाऊ शकतो. क्युरिऑसिटी गाडीने वाटेत मोजलेल्या प्रारणावरून जाण्या-येण्यातच माणसाला सुमारे ०.६६ सीव्हर्ट इतकी मात्रा मिळेल असा अंदाज निघाला. नासाने अंतराळवीरासाठी संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ठरवली आहे ती ०.६ सीव्हर्ट, आणि यात मंगळावरचा मुक्काम धरलेलाच नाही.

परतीचे इंधन तर डोके चक्रावून टाकते. चार माणसांना मंगळाच्या पृष्ठभागावरून उचलायला साधारण ७ टन इंधन आणि ते जाळायला २५ टन ऑक्सिजन लागेल, असा नासाचा हिशेब आहे. आजवर मंगळावर अलगद उतरवलेली सर्वांत जड वस्तू, पर्सिव्हरन्स गाडी, एक टनाच्या जवळपास आहे. म्हणून ऑक्सिजन तिथल्याच विरळ कार्बन डायऑक्साइडपासून करण्याचा विचार पुढे आला आणि पर्सिव्हरन्सवरच्या मॉक्सी या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात सोळा वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. पंचवीस टनांसमोर सव्वाशे ग्रॅम! तरीही मला हे उपकरण मंगळावरच्या कुठल्याही छायाचित्रापेक्षा महत्त्वाचे वाटते, कारण मंगळावर गेलेल्या सर्व यंत्रांत परतीचा विचार करणारे हेच पहिले होते. मंगळाहून आपण मुद्दाम आणलेली माती आजवर एक ग्रॅमही नाही. पर्सिव्हरन्सने गोळा केलेल्या नळ्या आणण्याची योजना खर्चाच्या डोंगराखाली दबली आहे. तज्ज्ञांच्या २०२३ च्या अहवालाने हा खर्च ८ ते ११ अब्ज डॉलरवर नेला होता. माती जिथून आणता येत नाही, तिथून माणूस आणण्याची तारीख कोणी सांगू लागले की मी ऐकून घेतो, एवढेच.

यावर एक उत्तर असे दिले जाते की परतायचे कशाला? २०१२ मध्ये एका खाजगी उपक्रमाने एकेरी प्रवासाची घोषणा केली आणि हजारो उत्साही लोकांनी अर्ज केले. २०१९ मध्ये तो उपक्रम दिवाळखोरीत निघाला. मात्र कल्पना मेलेली नाही. तिचा युक्तिवाद असा की, परतीचा अर्धा भार उतरवला की मंगळ स्वस्त होतो. पण एकेरी जाणारे प्रवासी आपल्याकडे आधीच आहेत, आणि ते हे काम माणसापेक्षा उत्तम करतात. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पोहोचले आहे. ऑपॉर्च्युनिटी गाडी मंगळावर चौदा वर्षे चालली. त्यांना घर नाही, म्हणून त्यांना सोडून देता येते. शिवाय परतीची अट काढल्याने भार कमी होतो, हेही फसवे आहे, कारण मग तिथे कायमचे जगण्याची व्यवस्था न्यावी लागते. अ‍ॅरिझोनात १९९१ ते १९९३ या काळात बायोस्फिअर-२ या हवाबंद काचघरात आठ माणसे राहिली, तेव्हा सोळा महिन्यांत तिथला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साडेचौदापर्यंत घसरला. मातीतले सूक्ष्मजीव तो वापरत होते आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड इमारतीचे काँक्रीट शोषत होते. बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. ते घर पृथ्वीवरच होते आणि दार उघडले की हवा होती.

माणूस पाठवायचा तो परत येण्यासाठीच, असे मला वाटते. अपोलोच्या बारा जणांनी पायांनी तुडवलेल्या त्या जमिनीवरून ३८२ किलो खडक-माती आणली. त्यातला १९७२ चा एक निर्वात सीलबंद नमुना मुद्दाम राखून ठेवला होता, तो २०२२ मध्ये उघडला गेला, जेव्हा तो आणणाऱ्यांच्या काळी नसलेली उपकरणे हाताशी होती. आणि खडकांहून वेगळे असेही काही ते घेऊन आले, ज्याचे वजन करता येत नाही. हॅरिसन श्मिट हे भूशास्त्रज्ञ एका विवराच्या काठाशी पायाखालची माती नारिंगी असल्याचे पाहून ओरडले, तो आवाज अजून ऐकायला मिळतो. यंत्रानेही तो रंग नोंदवला असता. पण आश्चर्य वाटायला आणि नंतर कोणासमोर तरी बसून ते सांगायला, परतलेला माणूस लागतो.

या साऱ्या विचारात मला राहून राहून व्हॅलेरी पोल्याकोव्ह आठवतात. ते पेशाने वैद्य होते. जानेवारी १९९४ मध्ये ते मीर स्थानकावर गेले आणि मार्च १९९५ पर्यंत तिथे राहिले. सलग ४३७ दिवसांचा हा मुक्काम तीस वर्षांनंतरही कोणी ओलांडलेला नाही. मंगळाच्या प्रवासाइतका काळ भारहीन राहिलेले शरीर तिथे पोहोचल्यावर कामाचे उरेल का, हे त्यांना स्वतःवर तपासायचे होते. परतल्यावर अंतराळवीराला उचलून खुर्चीपर्यंत नेण्याची पद्धत तेव्हाही होती, आणि मैदानावर माणसे त्यासाठी सज्ज उभी होती. पोल्याकोव्ह यांनी ती मदत घेतली नाही. मंगळावर दार उघडेल तेव्हा बाहेर उचलून घ्यायला कोणीही नसेल, हे त्या मैदानावर त्यांच्याइतके कोणाला जाणवले असेल, असे मला वाटत नाही. कुपीतून बाहेर आल्यावर, चौदा महिन्यांनंतर प्रथमच पायांवर भार घेत, ते जवळच ठेवलेल्या खुर्चीपर्यंतची काही पावले स्वतः चालले आणि मग बसले.